काटा कुणाचा खरा?

ऊस तोडून गाडी भरली, की इंदापूर तालुक्यातला शेतकरी मनातल्या मनात एक हिशेब मांडतो. आपल्या फडातल्या उसाचा अंदाज त्याला असतो. कारखान्याच्या काट्यावरचे वजन त्या अंदाजाहून फारच कमी भरले, तर पुढच्या खेपेला तो गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालतो आणि मगच कारखान्यात नेतो. दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, की पाणी कुठे मुरते ते कळते. काटामारीचा आरोप साखरपट्ट्यात नवा नाही. शेतकरी संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. पण शहाणा शेतकरी नुसता आरोप करून थांबत नाही, तो दुसऱ्या काट्यावर वजन करून पाहतो.

दूरचित्रवाणीवरच्या राजकीय चर्चांच्या बाबतीत मात्र आपण सारे पहिल्याच पायरीवर अडकलो आहोत. रात्री चर्चेचा कार्यक्रम सुरू झाला, की पाच मिनिटांत घरातले कुणीतरी म्हणते, ‘हे चॅनेल विकलं गेलंय.’ दुसरा म्हणतो, ‘मग तुमचं चॅनेल लावा की, तात्या!’ जणू वाहिनी ही बातम्या देणारी संस्था नसून गावातली एखादी भावकी आहे. प्रत्येक घराची वाहिनी ठरलेली, प्रत्येकाचा आवडता निवेदक ठरलेला आणि समोरच्याचा निवेदक पक्षपाती, हेही ठरलेले. आरोप उदंड झाले. वजन करून पाहण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही.

हा लेख कोणती वाहिनी कोणत्या पक्षाची, हे सांगण्यासाठी नाही. पक्षपात झाला हे ओळखायचे कसे, आणि पक्षपाताची ओरड खरी केव्हा व सोयीची केव्हा, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईच्या स्टुडिओत जाण्याऐवजी नीरेकाठच्या बावड्याला गेलेले बरे.

बावड्याची प्रयोगशाळा

इंदापूर–अकलूज रस्त्यावरचे बावडा हे गाव राज्याच्या राजकारणाला अपरिचित नाही. बारामती लोकसभा मतदारसंघातून १९८० आणि १९८९ साली निवडून गेलेले शंकरराव बाजीराव पाटील याच गावचे. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ पासून सलग चार वेळा इंदापूरचे आमदार झाले; पहिल्या तीन वेळा अपक्ष आणि २००९ साली काँग्रेसतर्फे. युतीच्या काळात ते मंत्री होते आणि आघाडीच्या काळातही. २०१४ साली राष्ट्रवादी काँग्रेसच्या दत्तात्रय भरणे यांनी त्यांचा पराभव केला. २०१९ च्या सप्टेंबरात पाटील भारतीय जनता पक्षात गेले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात शरद पवारांच्या राष्ट्रवादीत. मधल्या काळात, जुलै २०२३ मध्ये, राष्ट्रवादीच दुभंगली आणि भरणे अजित पवारांबरोबर भाजपच्या सत्तेत सहभागी झाले.

आता गंमत पाहा. २०१९ च्या विधानसभेला इंदापुरात पाटलांचा गट भाजपबरोबर होता आणि भरण्यांचा गट भाजपच्या विरोधात. २०२४ ला नेते तेच, लढतही तीच, पण जागांची अदलाबदल झालेली. पाटील गट भाजपविरोधी आघाडीत आणि भरणे गट भाजपच्या महायुतीत. राज्यशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने प्रयोग म्हणून आखावी, इतकी ही अदलाबदल नेमकी आहे.

या प्रयोगाचा अर्थ उघड आहे. २०१९ साली एखादा निवेदक भाजपच्या प्रवक्त्याला अडवून प्रश्न विचारत असेल, तर एका गटाच्या लेखी तो पक्षपाती आणि दुसऱ्याच्या लेखी निर्भीड. पाच वर्षांनी तोच निवेदक, त्याच सुरात, त्याच पक्षाला तेच प्रश्न विचारू लागला, तर पहिल्या गटाला तो निर्भीड वाटायला हवा आणि दुसऱ्याला पक्षपाती. निवेदक बदलला नाही, प्रश्न बदलले नाहीत. फक्त आपला नेता खुर्ची बदलून बसला. म्हणजे आपण जे मोजत होतो, तो निवेदकाचा पक्षपात नव्हताच. आपण आपल्या नेत्याला झालेली टोचणी मोजत होतो.

२०२१ च्या ऑक्टोबरातला एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. मावळातल्या एका कार्यक्रमात हर्षवर्धन पाटील, भाजपमध्ये आल्यापासून चौकशी वगैरे काही नसल्याने शांत झोप लागते, अशा आशयाचे बोलले. तेवढाच तुकडा वाहिन्यांवर दिवसभर फिरला. पुढे त्यांनी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले. कुणी हसले, कुणी संतापले. पण मूळ भाषण पूर्ण ऐकावे आणि मग ठरवावे, असे किती जणांना वाटले? आणि तपास यंत्रणांबाबत त्या एका वाक्यातून निघणारा गंभीर प्रश्न किती चर्चांनी शेवटपर्यंत नेला? तुकडा फिरवणाऱ्याने संदर्भ गाळला, आणि विपर्यास म्हणणाऱ्यांनी प्रश्न गाळला. नुकसान प्रेक्षकाचे झाले.

काटा आधी कुणाच्या हाती होता?

पूर्वी सारे कसे निःपक्षपाती होते, असे म्हणणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्या आठवणी गोड असतील, इतिहास मात्र तसा नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर तीनच वर्षांत आणीबाणी आली. आणीबाणीत आकाशवाणी व दूरदर्शनचा कसा वापर झाला, हे सांगणारी श्वेतपत्रिका जनता सरकारला १९७७ साली काढावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत जगजीवनराम यांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखवल्याची कथा राजकारणात अजरामर झाली. लोक तरीही सभेला गेले, हा तिचा पुढचा भाग.

निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना सरकारी माध्यमांवर मोफत वेळ देण्याची पद्धत १९७७ पासूनच रुळली. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली झाला, पण तो अमलात यायला १९९७ चा सप्टेंबर उजाडावा लागला. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात एक मूलभूत गोष्ट सांगितली. प्रक्षेपणाच्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि म्हणून उद्या ती मूठभर धनिकांचीही होता कामा नये. सरकारची पकड सैल झाली. पण निकालातला दुसरा इशारा आपण सोयीस्करपणे विसरलो.

२००७ आणि २००८ या दोन वर्षांत मराठी वृत्तवाहिन्यांचे पीक आले. झी २४ तास, स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा), आयबीएन लोकमत या वाहिन्या याच काळातल्या. तालुक्याचे प्रश्न मुंबईच्या पडद्यावर येऊ लागले, मंत्र्याला थेट प्रश्न विचारला जाऊ लागला. हा लाभ लहान नव्हता. सरकारी निवेदनापलीकडे काही ऐकू न आलेल्या पिढीला त्याचे अप्रूप वाटले, हे योग्यच होते.

आरोपाचे हत्यार

पण प्रश्न विचारला, की उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्याचा हेतू काढणे, हेही लगेच सुरू झाले. २० नोव्हेंबर २००९ रोजी आयबीएन लोकमतच्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांवर शिवसैनिकांनी हल्ला केला. बाळासाहेब ठाकरे यांच्यावरील टीका हे निमित्त होते. ‘आजचा सवाल’ हा कार्यक्रम चालवणारे संपादक निखिल वागळे त्या रोषाच्या केंद्रस्थानी होते. पुढे २०१४ साली ते त्या वाहिनीतून बाहेर पडले. टीव्ही नाइनवरचा त्यांचा ‘सडेतोड’ हा कार्यक्रम २०१७ साली बंद झाला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात ‘निर्भय बनो’च्या सभेला जाताना त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला, तेव्हा राज्यात सत्ता दुसऱ्याच आघाडीची होती. वागळे यांची मते कुणाला पटोत वा न पटोत. मताला दगडाने उत्तर देण्याचा हक्क त्यातून कुणालाही मिळत नाही.

हे एकाच बाजूचे पाप आहे, असे समजू नये. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत वांद्रे स्थानकाजवळ परप्रांतीय मजुरांची गर्दी झाली. विशेष गाड्या सुटणार असल्याच्या बातमीचे निमित्त करून एबीपी माझाच्या पत्रकाराला उस्मानाबादहून अटक झाली. त्यांना लगेच जामीन मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिपब्लिक वाहिनीचे अर्णव गोस्वामी यांना एका जुन्या आत्महत्या प्रकरणात अटक झाली आणि आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. या दोन्ही वेळी राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. गोस्वामींच्या चर्चेची पद्धत ज्यांना अजिबात मान्य नव्हती, त्यांनीही त्या वेळी स्वतःला विचारायला हवे होते, की आपल्या आवडत्या निवेदकाला असेच उचलले असते, तर आपण काय म्हणालो असतो?

बहिष्काराचा मार्गही पक्षांनी चोखाळला. लोकसभेच्या पराभवानंतर मे २०१९ मध्ये काँग्रेसने महिनाभर वाहिन्यांच्या चर्चेला प्रवक्ते न पाठवण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडिया’ आघाडीने चौदा निवेदकांची यादीच काढली आणि त्यांच्या कार्यक्रमांना न जाण्याचे ठरवले. भाजपने त्याला आणीबाणीची मानसिकता म्हटले. आघाडीने द्वेषाच्या बाजाराला गिऱ्हाईक व्हायला नकार दिल्याचे सांगितले. ज्या चर्चेत बोलूच दिले जात नाही, तिथे न जाण्याचा हक्क कुणालाही आहे. पण खुर्ची रिकामी राहिली, की प्रेक्षकाला एकच बाजू ऐकू येते आणि ज्याची तक्रार होती, तो एकतर्फीपणा अधिकच पक्का होतो.

तरीही पक्षपात खराच

आरोपाचा वापर हत्यारासारखा होतो, म्हणून प्रत्येक आरोप खोटा, असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक ठरेल. काही वेळा न्यायालयांनीच काटा तपासला आहे.

करोनाच्या पहिल्या लाटेत तबलिगी जमातीवरून वाहिन्यांनी उठवलेले काहूर आठवा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले होते. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निरीक्षण नोंदवले आणि माध्यमांतल्या प्रचारावरही बोट ठेवले. पण निकाल येईपर्यंत फळांच्या गाड्यांवरचे विक्रेते नाव विचारून टाळले गेले होते. निकालाची बातमी किती चर्चांचा विषय झाली? आरोपाला महिनाभर आणि निर्दोषत्वाला दोन मिनिटे, हे माप खोटेच आहे.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर चाललेल्या ‘माध्यम खटल्या’बद्दलही मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कडक शब्दांत मर्यादा आखून दिल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये हिजाबवरच्या चर्चेला धार्मिक रंग दिल्याबद्दल न्यूज १८ इंडिया या हिंदी वाहिनीला वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने पन्नास हजार रुपये दंड केला.

कधी पक्षपात एखाद्या शब्दातच बसलेला असतो. २०१८ साली सावरकर जयंतीला एबीपी माझावर झालेल्या चर्चेला ‘नायक की खलनायक’ असे शीर्षक होते. त्यावर मोठा रोष उसळला, वाहिनीवर बहिष्काराचे आवाहन झाले आणि २०२१ साली वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली. सावरकरांच्या विचारांची चिकित्सा करण्याला मज्जाव असू शकत नाही. पण एका गुंतागुंतीच्या आयुष्याला दोनच कप्पे देणारा प्रश्न चर्चेआधीच निकाल अर्धा लिहून ठेवतो. हाच न्याय नेहरूंना, गांधींना, आंबेडकरांना आणि आजच्या नेत्यांनाही लागू करायला हवा. आपल्या दैवताच्या वेळी तो आठवायचा आणि दुसऱ्याच्या वेळी विसरायचा, तर तोही पक्षपातच.

दोन्ही काठांवर एकच तक्रार

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधील हत्याकांडाच्या बातम्यांच्या त्याच ध्वनिचित्रफिती त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी ठामपणे सांगितले, की या बातम्या आमच्या विरुद्ध आहेत. ज्यांना विषयाची माहिती अधिक, त्यांची तक्रारही अधिक तीव्र. म्हणजे आपल्याला टोचले हा पक्षपाताचा पुरावा होत नाही. फार तर आपण त्या विषयात किती गुंतलो आहोत, याचा तो पुरावा असतो.

हे समजायला बैरुतला जाण्याची गरज नाही. एप्रिल २०२१ मध्ये उजनी जलाशयातून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेला मंजुरी मिळाली. हे पुणे परिसरातून वाहत येणारे सांडपाणी आहे, कुणाच्या हक्काच्या पाण्याला हात लागणार नाही, अशी मांडणी इंदापूरच्या बाजूने झाली. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि पुढच्याच महिन्यात निर्णय रद्द झाला. खडकवासला कालव्याच्या शेपटाकडे, पाण्याची वाट पाहणाऱ्या इंदापूरकराला वाटावे, की माध्यमांनी सोलापूरचा आरडाओरडा तेवढा दाखवला. सोलापूरकराला वाटावे, की पालकमंत्रीच इंदापूरचा, मग आमचे कोण ऐकतो? दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक.

खरे तर या विषयात सांगण्यासारखे खूप होते. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या घरातली; पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. वरून येणारे सांडपाणी किती, ते शुद्ध किती, वाटपाचा मूळ आराखडा काय, धरणाखाली जमिनी गेलेल्या इंदापूरच्या गावांचा त्यावर हक्क कोणता? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत होती आणि आकडे समजावून सांगायला जलसंपदा खात्यातला निवृत्त अभियंता पुरला असता. ‘पाणी पळवले’ या दोन शब्दांना मात्र अभियंता लागत नाही, दोन भांडणारे पुढारी पुरतात. हा कोणत्या एका पक्षाच्या बाजूने झालेला पक्षपात नव्हे. हा भांडणाच्या बाजूने आणि माहितीच्या विरुद्ध झालेला पक्षपात आहे. तो सर्वांत सर्रास चालतो आणि त्याची तक्रार सर्वांत कमी होते.

समतोल म्हणजे न्याय नव्हे

मग दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखा वेळ दिला, की भागले का? इथेही बावड्याचाच इतिहास वाट दाखवतो. १९७२ साली याच गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेल्याची बातमी राज्यभर गेली. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. त्या घटनेबरोबर बावड्याचे नाव घेतले गेले आणि मुंबईतल्या दलित तरुणांच्या संतापातून त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. ज. वि. पवार आणि नामदेव ढसाळ यांच्या पिढीच्या आठवणींत हे नाव येते.

कल्पना करा, की तेव्हा आजच्यासारख्या वाहिन्या असत्या. एका चौकटीत बहिष्कार टाकणारे, दुसऱ्या चौकटीत बहिष्कृत, दोघांना अडीच-अडीच मिनिटे आणि खाली पट्टी, ‘बहिष्कार योग्य की अयोग्य?’ हा समतोल दिसायला अगदी काटेकोर, पण तो न्याय नव्हता. ज्याच्यासाठी पाणी, किराणा आणि मजुरी बंद होते आणि जो ती बंद करतो, त्यांना एकाच पट्टीने मोजणे म्हणजे बलवानाच्या पारड्यात टाकलेले वजन. निःपक्षपातीपणा म्हणजे मत नसणे नव्हे. वस्तुस्थिती काय, कायदा काय आणि झळ कुणाला बसली, हे आधी स्पष्ट सांगून मग मतभेदाला जागा देणे म्हणजे निःपक्षपातीपणा. ब्रिटनमध्ये प्रक्षेपणाच्या नियमांत ‘विषयाला साजेसा’ निःपक्षपातीपणा मागितला जातो, तो यासाठीच. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९४९ पासून होते. ते १९८७ साली काढून टाकले गेले आणि नंतर तिथल्या वाहिन्या उघड-उघड दोन तंबूंत विभागल्या, हेही विसरू नये.

ही चैनीची चर्चा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर आरक्षणाचा प्रश्न पेटला. त्याच डिसेंबरात इंदापुरात ओबीसींचा मेळावा झाला आणि गोपीचंद पडळकर यांच्या दिशेने चप्पल भिरकावली गेली. त्या महिन्यांत पडद्यावर रोज एकच लढत होती, मराठा विरुद्ध ओबीसी. नोंदी कशा तपासतात, न्यायालयाने आधीचे आरक्षण का रद्द केले, शेती का परवडत नाही, नोकऱ्या किती उरल्या, हे बाजूला पडले. स्टुडिओतले पाहुणे कार्यक्रम संपल्यावर एकत्र चहा घेऊन घरी जातात. गावात तसे होत नाही. तिथे सकाळी त्याच शेजाऱ्याच्या विहिरीवर मोटार जोडायची असते, त्याच डेअरीत दूध घालायचे असते आणि मुले एकाच बाकावर बसायची असतात. पडद्यावरच्या एकतर्फी तासाभराची किंमत गाव कित्येक महिने फेडत राहते.

मोजले कोण जाते?

वाहिन्या असे का करतात, याचे उत्तर बरेचदा विचारसरणीत नसून हिशेबाच्या वहीत असते. इंदापूरला वार्ताहर, कॅमेरा आणि गाडी पाठवून तीन दिवस पाण्याचा प्रश्न तपासायला पैसा लागतो. चार पाहुण्यांना चार चौकटींत बसवून भांडायला लावणे स्वस्त पडते. शिवाय भांडण सुरू असताना प्रेक्षक रिमोट खाली ठेवतो, असा समज पक्का झालेला. प्रेक्षकसंख्या मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. २०१५ च्या ऑक्टोबरापर्यंत या मोजणीत ग्रामीण भारत नव्हताच. बावड्याच्या माणसाने काय पाहिले, हे वर्षानुवर्षे कुणी मोजलेच नाही. पुढे ‘बार्क’ने ग्रामीण घरे घेतली, तरी २०२० साली साऱ्या देशाची आवड ठरत होती ती चव्वेचाळीस हजारांच्या आसपास घरांतल्या यंत्रांवरून. त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी टीआरपी गैरव्यवहाराचा तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. इतक्या दिवसांत वाहिन्यांचा सूर बदलला नाही. काटा बंद होता, पण सवय चालू होती.

घरातला काटा

मग आपण काय करावे? रिमोट फेकणे हा उपाय नव्हे. घरात बसून करता येतील अशा काही कसोट्या आहेत. आई-वडील आणि शाळा-कॉलेजातली मुले मिळून एखाद्या रविवारी त्या सहज करून पाहू शकतात.

पहिली कसोटी शीर्षकाची. चर्चेचा प्रश्न वाचून उत्तर आधीच कळते का? कळत असेल, तर पुढे चर्चा नाही, केवळ वाजंत्री आहे. दुसरी कसोटी खुर्च्यांची. पाहुण्यांत विषय जाणणारा एक तरी आहे का, की सारेच प्रवक्ते? ज्याच्यावर चर्चा चालली आहे, तो शेतकरी, ती अंगणवाडी सेविका, तो विद्यार्थी तिथे आहे का? तिसरी कसोटी घड्याळाची. कुणाचे वाक्य पूर्ण होते आणि कुणाचे मध्येच तोडले जाते, हे दहा मिनिटे कागदावर टिपा. रागापेक्षा हा कागद अधिक खरे बोलेल.

चौथी कसोटी नावे बदलण्याची, आणि ती बावड्याइतकी कुणालाच सोपी नाही. निवेदकाने विचारलेला प्रश्न तसाच ठेवा, फक्त पक्षाचे नाव बदला. आता तो प्रश्न तुम्हाला योग्य वाटतो का? वाटत असेल, तर आधीही तो योग्यच होता. पाचवी कसोटी गाळलेल्या गोष्टींची. ज्या आठवड्यात दुधाचा दर पडला किंवा उसाचे बिल थकले, त्या आठवड्यात रात्रीच्या चर्चेत काय होते? न बोललेले शब्दही पक्षपात करतात.

आणि पक्षपात झालाच आहे अशी खात्री पटली, तर तक्रार करावी. ती भिंतीवर, ओट्यावर किंवा मोबाइलवर शिव्या देऊन होत नाही. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके आक्षेपार्ह वाक्य लिहून ती वाहिनीकडे पाठवायची असते. २०२१ च्या सुधारित केबल नियमांनुसार वाहिनीने पंधरा दिवसांत उत्तर देणे अपेक्षित आहे. ते पटले नाही, तर पुढच्या पंधरा दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते आणि तिने साठ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. या संस्थांचा दात फार तीक्ष्ण नाही, हे खरे. एक लाख रुपयांच्या दंडाने वाहिन्यांना काय फरक पडतो, असा सवाल ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने केला होता. तरीही लेखी, नेमक्या आणि सभ्य तक्रारींनी वाहिन्यांना जाहीर खुलासे करायला लावले आहेत. दगडाने हे कधीच साधले नाही.

निवेदकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रेक्षक त्यांच्याकडून मतशून्यता मागत नाही. मत असलेल्या माणसाचाही काटा खरा असू शकतो, तसा मत झाकणाऱ्याचा खोटा. अपेक्षा एवढीच, की सत्तेतल्या माणसाला विचारलेला प्रश्न विरोधातल्या माणसालाही विचारला जावा, आणि दुर्बळाला उत्तर द्यायला बलवानाइतकीच फुरसत मिळावी.

आपल्या बाजूचे वजन कमी भरले म्हणून काटा खोटा ठरत नाही आणि जास्त भरले म्हणून खराही ठरत नाही. ज्या दिवशी एखाद्या घरातला माणूस आपल्याच पक्षाच्या प्रवक्त्याला पाहून म्हणेल, ‘प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र यानेच टाळले,’ त्या दिवशी त्या घरापुरती तरी ही काटामारी बंद झाली, असे समजायला हरकत नाही.